धागा निवडताना रंग सर्वांत शेवटी पाहावा

बोलण्याच्या ओघात आपण विणकामाच्या कोणत्याही मऊ, फुगीर धाग्याला ‘लोकर’ म्हणतो, आणि निवडीतली पहिली चूक बहुधा या शब्दातच दडलेली असते. मेंढीची खरी लोकर, कापसाचे सूत, खनिज तेलापासून बनणारे अ‍ॅक्रिलिक आणि बांबूच्या लगद्यापासून काढलेले व्हिस्कोस हे चार गुंडे एकाच फळीवर, एकाच जाडीचे आणि एकाच निळ्या रंगाचे असू शकतात; तरीही धुतल्यावर, ताणल्यावर, तापल्यावर आणि वर्षभर वापरल्यावर त्यांचे वागणे चार तऱ्हांचे असते. रंगाला भुलून गुंडा उचलायचा आणि मग त्याचे काय करायचे ते शोधत बसायचे, हा अनेकांचा क्रम असतो. पुष्कळ वर्षे माझाही तोच होता. फिकट पोपटी रंगाच्या मोहात पडून मी एकदा पूर्ण बाह्यांचा सुती स्वेटर विणला. पहिल्या दिवशी तो अंगाला बेतशीर बसला. महिन्याभरात त्याच्या बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत उतरल्या होत्या. टाके बरोबर होते, माप बरोबर होते, फक्त धागा त्या कामाचा नव्हता. तेव्हापासून मी आधी वस्तू ठरवते, मग तंतू, मग पीळ आणि जाडी, आणि रंग अगदी शेवटी.

तंतूचा स्वभाव

वस्तू ठरवताना तिला कोणकोणत्या प्रसंगांतून जायचे आहे याचा विचार करावा. ती अंगाला घासणार आहे का, आठवड्याला धुतली जाणार आहे का, तिच्यावर गरम भांडे ठेवले जाणार आहे का, की ती नुसती भिंतीवर टांगलेली राहणार आहे, या प्रश्नांच्या उत्तरांवरून तंतू जवळजवळ आपोआप ठरतो.

मेंढीच्या लोकरीचा तंतू मुळातच नागमोडी असतो आणि त्याच्यावर सूक्ष्म खवले असतात. नागमोडीमुळे धागा ताणला तरी पुन्हा मूळ लांबीवर येतो. म्हणून मनगटाची पट्टी, टोपीचा काठ, मोज्याचा वरचा भाग अशा ठिकाणी लोकर सैल पडत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा शोषून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. खवल्यांचा गुण मात्र दुधारी आहे. गरम पाणी, साबण आणि चोळणे ही तिन्ही एकत्र आली की हे खवले एकमेकांत अडकतात, कापड आटते आणि त्याचा नमदा, म्हणजे टाके न दिसणारे दाट, जाड कापड, होतो. मुद्दाम केले तर ती कला असते. चुकून वॉशिंग मशीनमध्ये झाले तर प्रौढ माणसाचा स्वेटर लहान मुलाच्या मापाचा होऊन बाहेर येतो. ‘सुपरवॉश’ असे लिहिलेल्या लोकरीवर प्रक्रिया करून हे खवले निष्प्रभ केलेले असतात, त्यामुळे ती आटत नाही. पण ओली झाल्यावर ती बरीच सैलावते, आणि नमदा करायचा असेल तर तिचा काही उपयोग नसतो.

लोकर टोचते की नाही हे मुख्यतः तंतूच्या बारीकपणावर अवलंबून असते. मेरिनो जातीच्या मेंढ्यांच्या लोकरीचा तंतू साधारण २४ मायक्रॉनपेक्षा बारीक असतो, म्हणून तो त्वचेला सोसतो. मात्र याची परीक्षा तळहातावर करू नये, कारण तळहाताला जवळजवळ सगळेच मऊ लागते. गुंडा मानेच्या कडेला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला मिनिटभर धरून ठेवावा. टोचायचे असेल तर तो तेवढ्या वेळात टोचतो.

सूत याच्या उलट स्वभावाचे असते. ते जवळजवळ ताणले जात नाही आणि एकदा वजनाने ओढले गेले की स्वतःहून परत येत नाही. माझ्या पोपटी स्वेटरचे नेमके हेच झाले. परंतु सूत पाणी भरपूर पिते आणि ओले असताना कोरड्यापेक्षा अधिक मजबूत असते, त्यामुळे हात पुसण्याचे फडके, भांडी घासण्याचा चौकोन, टेबलावरची क्रोशाची जाळी यांसाठी त्याच्यासारखा धागा नाही. मर्सराइज्ड सूत म्हणजे कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेले सूत. ही प्रक्रिया जॉन मर्सर यांनी १८४४च्या सुमारास शोधली, आणि ती करताना सूत ताणून धरले तर त्याला रेशमासारखी चमक येते हे पुढे लक्षात आले. असे सूत अधिक मजबूत असते आणि त्याच्यावर रंग गडद चढतो. पण ते साध्या सुतापेक्षा पाणी कमी टिपते आहे असा माझा हाताचा अनुभव आहे. म्हणून नक्षीची किनार चमकदार सुताची करावी आणि फडके साध्या सुताचे.

जवसाच्या खोडातल्या धाग्याचे, म्हणजे लिननचे, काम सुरुवातीला काहीसे रखरखीत लागते, पण प्रत्येक धुण्यागणिक ते मऊ होत जाते; घाई असणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. बांबूचे व्हिस्कोस अंगावरून पाण्यासारखे ओघळते, म्हणून ओढणी किंवा शाल त्याची सुंदर होते. परंतु ओले असताना ते कमकुवत असते, त्यामुळे पिळण्याच्या वस्तूला ते वापरू नये.

अ‍ॅक्रिलिकला नाक मुरडण्याची फॅशन आहे, ती मला पटत नाही. ते हलके असते, मशीनमध्ये धुता येते, त्याला कसर लागत नाही आणि लोकरीची ॲलर्जी असणाऱ्यालाही ते चालते. लहान मुलांची पांघरुणे आणि खेळणी या दोन्हींसाठी ते निःशंकपणे निवडावे. त्याची अडचण एकच, उष्णता. गरम इस्त्री किंवा वाफ जवळ आली की त्याची उसळी कायमची जाते आणि कापड मलूल होऊन लोंबू लागते. हाच दोष जाणूनबुजून वापरता येतो: अ‍ॅक्रिलिकची शाल ताठ वाटत असेल, तर तिच्यावर कापडाला न टेकवता बेताने वाफ सोडली की ती छान ओघवती होते. हा बदल मात्र उलटा फिरवता येत नाही, म्हणून आधी तुकड्यावर करून पाहावा. गरम भांडे उचलण्याचे किंवा त्याखाली ठेवण्याचे विणकाम अ‍ॅक्रिलिकचे किंवा पॉलिएस्टरचे कधीही करू नये; ते वितळते आणि वितळलेला थेंब त्वचेला चिकटतो. तिथे जाड सूत किंवा लोकरच हवी.

घरात बिनलेबलाचा गुंडा निघाला तर तो कशाचा आहे हे जाळून ओळखता येते. बोटभर धागा चिमट्यात धरून, मोरीत किंवा पाण्याच्या भांड्यावर, ज्योतीला लावावा. लोकर केस जळाल्यासारखा वास देते, ज्योत दूर केली की बहुधा स्वतःच विझते आणि तिची काळी राख चिमटीत चुरडते. सूत कागदासारखे भराभर जळते आणि मागे हलकी राखाडी राख उरते. अ‍ॅक्रिलिक वितळत, काळा धूर सोडत जळते आणि टोकाला कडक मणी तयार होतो. मिश्र धाग्यात या खुणांची सरमिसळ होते, तेव्हा मण्यावर लक्ष ठेवावे. कडक मणी दिसला तर त्या धाग्यात कृत्रिम तंतू आहे असे समजून त्याला उष्णतेपासून दूर ठेवावे.

पीळ, पेड आणि जाडी

तंतू ठरल्यावर धागा कसा वळला आहे ते पाहावे. गुंड्याचे टोक वीतभर ओढून घ्यावे आणि पीळ उलटा फिरवून पेड मोजावेत. तीन-चार पेडांचा, घट्ट पिळाचा धागा गोलसर असतो. त्याचे टाके उठून दिसतात, त्यामुळे वेणीची नक्षी, उठावदार खांब किंवा सुलट-उलट टाक्यांची चौकट अशा कामाला तो शोभतो. दोन पेडांच्या धाग्यात पेड एकमेकांना किंचित बाहेर ढकलतात आणि टाक्यांमधली भोके मोकळी राहतात, म्हणून जाळीदार शालीला तो बरा. एकपेडी धागा हाताला फार लाघवी लागतो, पण घासला की त्याच्यावर गोळे येतात. बॅगेचा पट्टा किंवा मोज्याची टाच त्याची करणे म्हणजे मेहनत पाण्यात घालणे. एकपेडी धागा मोकळा सोडला असता स्वतःभोवतीच गुंडाळला जात असेल, तर त्याचे साधे विणकाम एका बाजूला तिरके ओढले जाण्याची शक्यता असते, हेही लक्षात ठेवावे.

क्रोशाच्या सुईला घट्ट पिळाचा, गुळगुळीत धागा मानवतो, कारण आकडी प्रत्येक टाक्याला धाग्यातून जाते आणि सैल पेड तिच्यात अडकून फाटतात. लव असलेला शनील किंवा केसाळ मोहेर नवशिक्याने घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात टाके डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनी चाचपावे लागतात. आणि चूक झाली तर उसवताना केस एकमेकांत इतके गुंततात की धागा तुटतो. पुढे हात बसल्यावर मोहेरची खरी गंमत कळते: बारीक मोहेर जाड सुयांवर सैल विणला, तर वजन जवळजवळ नसलेले आणि तरीही उबदार कापड तयार होते.

जाडी मोजायला पट्टी पुरते. धागा न ताणता, एकाला एक लागून, पट्टीवर १ इंचभर गुंडाळावा आणि वेढे मोजावेत. साधारणपणे ९ ते १२ वेढे बसले तर धागा मध्यम जाडीचा समजावा, ६ ते ९ बसले तर जाड, आणि १४ किंवा त्यांहून अधिक बसले तर बारीक. जाडीचे आकडे पुष्कळ लेबलांवर ० ते ७ असे छापलेले असतात. ० म्हणजे जाळीकामाचा अतिबारीक धागा आणि ७ म्हणजे मनगटाएवढ्या सुयांवर विणायचा दोर म्हणावा असा धागा. (मनगटाएवढ्या ही अतिशयोक्ती आहे, पण फारशी नाही.)

खरेदीत सर्वांत जास्त फसगत होते ती ग्रॅमच्या आकड्याने. नमुन्याच्या पुस्तकात ८०० मीटर धागा सांगितला आहे असे समजू. ५० ग्रॅमच्या गुंड्यात १०५ मीटर धागा असेल तर ८ गुंडे, म्हणजे ८४० मीटर, कसेबसे पुरतील. तोच ५० ग्रॅमचा गुंडा दुसऱ्या प्रकारचा असून त्यात ८५ मीटरच धागा असेल, तर त्याच ८ गुंड्यांत ६८० मीटर मिळतील आणि काम १२० मीटर अपुरे राहील. वजन दोन्हीकडे ४०० ग्रॅमच आहे. म्हणून नेहमी मीटर मोजावेत, आणि वर एक गुंडा जादा घ्यावा. एकाच आकाराच्या वस्तूला विणकामापेक्षा क्रोशाला सहसा अधिक धागा लागतो, हाही हिशेब त्यात धरावा.

नमुन्याचा चौकोन

कंटाळा करून जी पायरी बहुतेक जण गाळतात तिच्यावर मी इथे थोडी रेंगाळणार आहे. साधारण १५ सेंटिमीटरचा चौकोन विणावा आणि कडा सोडून मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके आणि ओळी मोजाव्यात. कडेचे टाके नेहमी ओढलेले असतात, त्यामुळे लहान चौकोनाचे माप खोटे येते. आता मोजणीचे महत्त्व पाहू. लेबलवर १० सेंटिमीटरला २२ टाके लिहिले आहेत आणि छातीचा घेर १०० सेंटिमीटर हवा आहे, म्हणून आपण २२० टाके घातले. आपला हात सैल असेल आणि प्रत्यक्षात १० सेंटिमीटरला २० टाकेच बसत असतील, तर तेवढ्याच टाक्यांचा घेर ११० सेंटिमीटर होईल. चौकोनात दोन टाक्यांचा फरक डोळ्यांना दिसतही नाही. अंगावर मात्र तो ढगळ सदरा होतो. टाके कमी आले तर सुई बारीक घ्यावी, जास्त आले तर जाड. हात ताणून किंवा सैल सोडून माप जुळवायला जाऊ नये, कारण दुसऱ्या ओळीपर्यंत हात आपल्या सवयीवर येतोच.

मोजून झाले की चौकोन तशाच पद्धतीने धुवावा जशी पुढे ती वस्तू धुतली जाणार आहे. वाळल्यावर पुन्हा मोजावा. सुती चौकोन असेल तर त्याच्या खालच्या कडेला कपड्यांचे चार-पाच चिमटे लावून तो रात्रभर टांगून ठेवावा. सकाळी त्याची लांबी मोजली की बाह्या किती उतरणार आहेत याचा अंदाज आधीच येतो. शेवटी चौकोन खिशात ठेवून दिवसभर वावरावे. खिशात किल्ल्या असतील तर उत्तम. संध्याकाळी त्याच्यावर गोळे आले असतील, तर त्या धाग्याचा स्वेटर करू नये, भिंतीवरची शोभेची वस्तू करावी.

आता रंग

दोन रंगांची नक्षी करायची असेल तर दोन्ही गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढावे. छायाचित्रात दोघे सारख्याच करड्या छटेचे दिसले, तर लाल आणि हिरवा असे भिन्न रंग असूनही नक्षी दुरून पुसटच दिसेल. रंगाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, उजळ-गडद यांतली तफावत नक्षी उचलून धरते. उठावदार टाक्यांसाठी फिकट आणि एकरंगी धागा घ्यावा. काळ्या धाग्यात वेणी विणणाऱ्याला डोळ्यांचा आणि पाहणाऱ्याला नक्षीचा, असा दोघांनाही त्रास होतो.

एकाच धाग्यात अनेक रंग असलेला गुंडा दुकानात फार मोहक दिसतो आणि विणल्यावर कधी कधी डागाळलेला. याचे कारण असे की रंगांचे तुकडे ठरावीक लांबीचे असतात आणि एखाद्या रुंदीवर तेच रंग ओळीमागून ओळी एकमेकांवर येऊन त्यांचे थारोळे जमते. यावर उपाय तीन आहेत: टाक्यांची संख्या थोडी बदलावी, दोन गुंडे घेऊन दर दोन ओळींनी आलटून पालटून विणावे, किंवा प्रत्येक ओळीत सुलट-उलट टाका आलटून पालटून घेणारी साधी वीण निवडावी, म्हणजे रंग मोडत जातात. अशा धाग्यावर गुंतागुंतीची नक्षी कधीही चढवू नये; दोघेही बोलू लागले की कोणाचेच ऐकू येत नाही.

गुंड्याच्या पट्टीवर रंगाच्या क्रमांकाशेजारी रंगवणीचा लॉट क्रमांकही असतो. तोच रंग वेगळ्या लॉटमध्ये किंचित निराळा निघतो, आणि हा फरक दुकानाच्या दिव्याखाली दिसत नाही, उन्हात पाठीवर आडव्या पट्ट्यासारखा दिसतो. वेगळे लॉट वापरणे भागच असेल तर तेही दर दोन ओळींनी आलटून पालटून विणावेत. गडद लाल, गडद निळा किंवा काळा धागा पांढऱ्याच्या शेजारी येणार असेल, तर त्याचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवावा. फडक्यावर डाग उमटला तर ते दोन रंग एकत्र आणू नयेत.

रंग स्वतः घडवायची एक सोपी युक्ती म्हणजे दोन बारीक धागे जोडीने विणणे. समजा, पांढरा, आकाशी आणि निळा असे तीन बारीक धागे आहेत. आधी पांढऱ्याची जोडी, मग पांढरा आणि आकाशी, मग आकाशीची जोडी, मग आकाशी आणि निळा, शेवटी निळ्याची जोडी असे विणत गेले की तीन रंगांतून पाच छटा मिळतात आणि एक छटा दुसरीत केव्हा विरली ते कळत नाही. जोडीने विणल्यावर धागा जाड होतो, त्यामुळे सुईही त्या मानाने जाड घ्यावी आणि नमुन्याचा चौकोन पुन्हा करावा.

सुयांशिवायची कामे

मागावर किंवा पुठ्ठ्याच्या साध्या चौकटीवर विणायचे असेल, तर उभ्या धाग्याची आणि आडव्या धाग्याची निवड स्वतंत्र करावी. उभा धागा सतत ताणाखाली असतो. त्याचा वीतभर तुकडा दोन्ही हातांत धरून झटका द्यावा. तुटला किंवा पीळ सुटून सरकू लागला, तर तो उभ्याला घेऊ नये. घट्ट पिळाचे सूत इथे सर्वांत भरवशाचे. आडव्या धाग्यावर मात्र काहीच बंधन नसते: मऊ एकपेडी लोकर, कापडाच्या पट्ट्या, केसाळ उरलेले तुकडे, सगळे काही खपते. गाठींच्या मॅक्रमे कामात सुती दोर घ्यावा आणि प्रत्येक पेड तयार वस्तूच्या लांबीच्या चौपट धरावा. दोर मधोमध दुमडून काठीला अडकवायचा असेल तर म्हणून आठपट कापावा. गाठी दाट असतील तर त्याहूनही जास्त लागतो, आणि कमी पडलेल्या दोराला नीटसा जोड देता येत नाही. जाड कापडावर लोकरीने भरतकाम करताना हातभरापेक्षा लांब धागा ओवू नये, कारण कापडातून वारंवार ओढला गेला की तो झिजून केसाळ होतो.

गोंडा हे सगळ्यांत लहान काम, पण त्यातही धाग्याचा स्वभाव दिसतो. बारीक, फुगीर लोकर किंवा अ‍ॅक्रिलिक घेतले तर गोंडा भरगच्च होतो. सुताचा गोंडा लिबलिबित राहतो आणि त्याचे धागे दोरीसारखे लोंबतात. रुंद पुठ्ठ्यावर शंभरेक वेढे घ्यावेत, वेढे सरकवून काढावेत आणि मधोमध बांधावेत. बांधण्यासाठी तीच लोकर वापरण्याचा मोह टाळावा; ती घट्ट ओढताना तुटते किंवा ताणून पुढे सैल पडते. मजबूत सुती दोरा दोनदा गुंडाळून निरगाठ मारावी. दोन्ही कडांचे फास कापून गोंडा वाफेवर क्षणभर धरला की लोकरीचे धागे फुलतात, आणि मग कात्रीने चारही बाजूंनी कातरत आणावा. कातरताना वाटते त्यापेक्षा अधिक कापावे लागते; भरगच्चपणा कात्रीतूनच येतो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तूंना गोंडे, बटणांचे डोळे आणि लांब दोऱ्या लावू नयेत.

नमद्याची वाटी करून पाहण्यासारखी आहे. सुपरवॉश नसलेली लोकर घ्यावी. अगदी पांढरीशुभ्र टाळावी, कारण विरंजन केलेली लोकर पुष्कळदा नीट आटत नाही. नेहमीपेक्षा जाड सुयांवर, सैल टाक्यांनी, हवी त्यापेक्षा बरीच मोठी आणि विशेषतः उंच वाटी विणावी, कारण विणलेला नमदा रुंदीपेक्षा उंचीत जास्त आटतो. मग ती गरम पाण्यात, थोड्या साबणासह, दोन्ही हातांनी चोळावी. पहिली काही मिनिटे काहीच घडत नाही, उलट वाटी सैल पडून मोठी झाल्यासारखी वाटते आणि धीर सुटतो. त्यानंतर एकाएकी टाके धूसर होऊ लागतात, बोटांखाली कापड जाड होते. टाके दिसेनासे झाले की थांबावे, साबण धुऊन काढावा, टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपावे आणि खऱ्या वाटीवर पालथी घालून वाळू द्यावी. वाळायला दिवस-दोन दिवस लागतात, आणि वाळलेला आकार मग तसाच राहतो.

जुन्या टी-शर्टपासूनही उत्तम जाड धागा निघतो. दोन्ही बाजूंना शिवण नसलेला सुती टी-शर्ट असेल तर फारच छान. बगलेखालून आडवा कापून वरचा भाग आणि खालची दुमडलेली शिवण काढून टाकावी, म्हणजे कापडाची नळी उरते. ती सपाट अंथरून एका बाजूपासून साधारण २ ते ३ सेंटिमीटर रुंदीचे आडवे काप द्यावेत, पण दुसऱ्या बाजूची चार बोटे जागा न कापता सोडावी. आता न कापलेला भाग हातावर उघडून घ्यावा आणि पहिला काप बाहेरच्या कडेपर्यंत तिरका न्यावा, पुढे प्रत्येक काप समोरच्या नव्हे तर त्याच्या पुढच्या कापाला तिरका जोडत जावा. सगळी नळी एका अखंड पट्टीत सुटते. शेवटी पट्टी हातभर हातभर ताणत गेले की तिच्या कडा आत वळतात आणि गोल दोर तयार होतो. त्याचे पायपुसणे, टोपली किंवा कुंडीखालची चकती जाड क्रोशाच्या सुईने, मुक्या खांबांत (क्रोशाच्या आखूड, साध्या टाक्यांत), एका संध्याकाळी होते. मनगटे दुखतात, एवढे आधी सांगून ठेवते.

उरलेल्या धाग्याचा हिशेब

उरलेला गुंडा कशाला पुरेल हे नजरेने ठरवू नये, तराजूवर ठेवावा. मूळ १०० ग्रॅमच्या गुंड्यात २०० मीटर धागा होता आणि आता ३५ ग्रॅम उरला आहे, तर हातात ७० मीटर आहेत. टाके बंद करण्याच्या ओळीला विणीच्या रुंदीच्या तिपटी-चौपटीएवढा धागा लागतो. धागा संपत आला असेल तर तेवढा राखूनच शेवटची ओळ सुरू करावी. गुंडा संपल्यावर खऱ्या लोकरीची दोन टोके गाठीशिवाय जोडता येतात: दोन्ही टोकांचे पेड तीन-चार बोटे मोकळे करावेत, एकमेकांवर ठेवावेत, किंचित ओले करावेत आणि दोन्ही तळव्यांमध्ये ऊब येईपर्यंत जोरात चोळावेत. नमदा होऊन ती एकजीव होतात. सुतावर, अ‍ॅक्रिलिकवर आणि सुपरवॉशवर ही युक्ती चालत नाही.

उसवलेला धागा नागमोडी असतो, तसाच विणला तर टाके वेडेवाकडे येतात. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून त्याची लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात भिजवावी आणि न ताणता टांगून वाळवावी. सूत आणि लोकर अशाने बहुतांशी सरळ होतात. अ‍ॅक्रिलिकच्या वळ्या मात्र हट्टी असतात. नवी लडी आणली तरी तिचा आधी गुंडा करावा, थेट लडीतून विणू नये. गुंता सोडवण्यात जाणारी दुपार कोणी परत देत नाही. गुंडा करताना धाग्याखाली दोन बोटे ठेवून गुंडाळावे, म्हणजे तो ताणला जात नाही.

लोकर आणि रेशीम यांना कसर लागते, म्हणून ते बंद डब्यात ठेवावे आणि वर्षातून दोन-तीनदा उलगडून उन्हात झटकावे. प्रत्येक उरलेल्या गुंड्याला त्याची पट्टी आणि नमुन्याचा चौकोन दोऱ्याने बांधून ठेवावा, आणि चौकोनावर सुईचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी टाचावी. अगदी बोटभर उरलेली टोके लहान खेळण्यांत भरायला येतात. फक्त गडद आणि फिकट टोकांच्या पिशव्या वेगळ्या ठेवाव्यात, कारण पांढऱ्या सशाच्या पोटातली काळी टोके टाक्यांमधून दिसतात.